पाय निववायची पायरी

सोनाजीला शाळेतून घालवलं ते खोड्या काढल्या म्हणून नव्हे. खोड्या काढणारी पोरं शाळेत सुखानं नांदली, त्यातली दोन तर पुढं तलाठी झाली. सोनाजीचा गुन्हा एकच. तो विचारायचा. राज्य निजामाचं, शाळा सेनगावला, शिकवणं उर्दूतून. मास्तर भला माणूस होता. त्यानं फळ्यावर अलिफची उभी रेघ काढली की मागून आवाज यायचा, "मास्तर, हा उभाच काहून? निजला तर काय होतं?" मास्तरनं महिनेच्या महिने सोसलं आणि एक दिवस हातच जोडले. म्हणाला, "बेटा, तुम सवाल बहुत करते हो. जाओ, मैदान में खेलो. वहाँ सवाल की सजा नहीं है."

सोनाजीनं हे अगदी मनावर घेतलं. मैदानात गेला तो वर्गात परत आलाच नाही. बापानं चार दिवस बडबड केली, पाचव्या दिवशी औताला जुंपलं, आणि कवडदरी गावानं त्याचं नाव 'काहून सोनाजी' ठेवून टाकलं.

त्याची खरी शाळा भरली ती मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत. तिथं गावातले गडी हुतुतू खेळायचे. सोनाजीच्या अंगात ताकद बेताची, पण नजर मोठी चोख. बाकीचे गडी समोरच्याच्या डोळ्यांकडं बघायचे. सोनाजी पायांकडं बघायचा. त्याचं म्हणणं असं की डोळे खोटं बोलतात, पायांना खोटं बोलता येत नाही. गडी कुठल्या अंगाला पळणार ते त्याची टाच आधीच सांगून मोकळी होते. बघता बघता तो गावच्या फळीचा म्होरक्या झाला. लग्न झालं, चतुरा नावाची लेक झाली, ती आठ वर्षांची झाली, तरी संध्याकाळ झाली की गडी मैदानात हजर. बायको मंजुळाबाई म्हणायची, "माझी सवत मातीची हाये, तिच्याशी काय भांडावं?"

त्यानं आणखी एक पायंडा पाडला होता. खेळ संपला की सगळी फळी गावच्या बारवेत उतरायची. बारव मोठी देखणी, कोण्या काळी कोणी बांधलेली कोण जाणे. तळापर्यंत दगडी पायऱ्या, आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर शेंदूर फासलेल्या सात आसरा. त्यांच्या खालच्या, पाण्यातल्या पायरीवर सगळ्यांनी रांगेत बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचे. त्याला नाव होतं पाय निववणं. हरलेले, जिंकलेले, भांडलेले, सगळे एका पायरीवर. सोनाजी म्हणायचा, "ज्याचे पाय आपल्या पान्यात निवले, तो आपला." गावाला हे इतकं आवडलं की पेरणीहून आलेला, लाकूड तोडून आलेला, जो तो तिथं पाय निववू लागला. आणि त्याच पाण्यात बाया घागरी बुडवायच्या.

आता कवडदरीची फळी कितीही चांगली असली तरी एक सामना ती हटकून हरायची. चैत्री पुनवेला मारुतीची जत्रा भरायची आणि त्या दिवशी पलीकडच्या वसराम नायकाच्या तांड्याशी हुतुतू व्हायचं. बक्षीस काय, एक नारळ आणि एक फेटा. पण हरण्यामागं कारण होतं. चैत लागला की गावात नारू निघायचा.

ज्यांनी नारू पाहिला नाही ते नशीबवान. पायाला फोड येतो, पायाची आग मस्तकात जाते, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. तो एकदम ओढला तर तुटतो, आणि तुटला तर पाय सुजून माणूस आडवा होतो. म्हणून गावात गोजरबाई होती. ही म्हातारी किड्याचं टोक बारीक काडीला गुंडाळायची आणि रोज थोडं थोडं पिळत न्यायची. चैतापासून आखाडापर्यंत तिच्या ओसरीवर पाय पसरून बसलेली माणसं असायची. किसनराव पाटलाचा एक किडा असाच तुटला होता, तेव्हापासून पाटलाचा गुडघा वाकायचा थांबला. तो बसायचा तोसुद्धा एक पाय बंदुकीसारखा पुढं रोखून.

गाव म्हणायचं, नारू हे नशिबाचं आहे. काही जण म्हणायचे, तांडेवाले जत्रेआधी काहीतरी करणी करतात. नाहीतर त्यांना नारू काहून होत नाही?

हा 'काहून' मात्र सोनाजीच्या डोक्यात शिरला तो निघेना.

आणि मग एका चैतात तांड्याची फळी मैदानात उतरली तेव्हा सोनाजीनं सवयीनं त्यांचे पाय पाहिले आणि तो चकित झाला. तांड्याचा सगळ्यात चपळ गडी देवला टाच उचलून चालत होता. ही चाल सोनाजीनं आपल्या गावात लहानपणापासून पाहिली होती. सामना राहिला बाजूला, तो सरळ देवलाकडं गेला.

"देवला, पाय दाखव."

"खेळायला आलास का वैदकी करायला?" देवला म्हणाला. पण पाय दाखवला. घोट्यावर फोड होता.

"तांड्यात आनखी कोनाला हाये?"

"कोनालाच न्हाई. तुमच्या गावचं दुखनं मलाच कसं लागलं, आमची बुढी रोज मला विचारून राहिली."

सामना देवलाशिवाय झाला आणि तरीही तांडाच जिंकला. पण सोनाजीला हरल्याचं काही वाटलं नाही. तो रात्रभर कूस बदलत होता. सकाळी उठून तडक तांड्यावर गेला, देवलाच्या खाटेशी बसला आणि त्यानं विचारायला सुरुवात केली. काय खाल्लं, कुठं झोपलास, कोणाला भेटलास. देवला वैतागला. शेवटी सोनाजीनं विचारलं, "गेल्या साली चैतात तू कुठं व्हतास?"

"तुमच्याच गावात. पाटलाच्या गोठ्याचे दगड वाहून राहिलो व्हतो की. जत्रेपासून पाऊस लागेपर्यंत तिथंच व्हतो."

"पानी कुठलं पेत व्हतास?"

"बारवेचं. तुमच्यासंगं पायबी निववले. इसरलास?"

सोनाजी विसरला नव्हता. त्यानंच हात धरून देवलाला पायरीवर बसवलं होतं. तो तांड्याच्या नाल्याकडं गेला. तिथं वाळूत उकरलेला झिरा होता, बायका वर बसून वाटीनं पाणी भरत होत्या. पाय कोणी घालत नव्हतं. घालायला जागाच नव्हती. सोनाजी बराच वेळ तिथं उभा राहिला. त्याला जे कळलं ते कळू नये असं त्याला वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात सरकी घेऊन गाडी हिंगोलीला गेली, तेव्हा त्यानं बाटलीत बारवेचं पाणी नेलं. दवाखान्यातला कंपौंडर आधी हसला, मग बाटली घेऊन बाहेर उन्हात आला. त्यानं बाटली सूर्यासमोर धरली. पाण्यात तिळाहून बारीक ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"देखो," कंपौंडर म्हणाला. "नारूवाला पाँव पानी में डालता है, कीड़ा अपने बच्चे छोड़ता है. ये उनको खाते हैं, तुम इनको पीते हो. साल भर बाद निकलता है." सोनाजीनं इतके प्रश्न विचारले की औषधं घ्यायला आलेली माणसं ताटकळली, आणि कंपौंडरनं मात्र प्रत्येकाचं उत्तर दिलं. असा माणूस त्याला शाळेत भेटता तर सोनाजीही तलाठी झाला असता, आणि मग ही गोष्ट झालीच नसती.

परत येताना बैल आपले आपण चालत होते. सोनाजीच्या डोळ्यांपुढं ती पायरी होती आणि पायरीवरचे पाय. दर चैतात फोडाची आग झाली की माणूस कुठं धावायचा? गार पाण्याकडं. पाण्यात पाय घातला की आग थांबायची. आणि या पायरीची सवय सगळ्यांना कोणी लावली होती? घरी आल्यावर त्यानं मंजुळाबाईला सगळं सांगितलं आणि तो रडला. मंजुळाबाईनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "रडून झालं असंल तर आता काय करायचं ते बोला. पोरगी रोज तेच पानी पिऊन राहिली."

देवळात बैठक भरली. सोनाजीनं बाटली दाखवली, सगळं सांगितलं, स्वतःचा वाटाही लपवला नाही. तो म्हणाला, पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालू, पाणी वरून रहाटानं काढू, आणि दुहेरी धोतरातून गाळून पिऊ. गावात चुळबूळ झाली. पाणी गाळायला कोणाची ना नव्हती. पण पायऱ्या बंद करायच्या म्हणजे आसरांची वाट बंद. त्या पाण्याच्या देवता. त्यांना कोंडलं तर त्या गप्प बसतील?

तेव्हा कोपऱ्यातून गोजरबाई उठली. गावाला वाटलं, म्हातारी आता सोनाजीचे कान उपटणार. नारूवर तर तिचं पोट होतं. ती म्हणाली, "आसरा मी वर आनते. माझी बोटं पार झिजली किडे पिळून पिळून. बाया पान्याला वर येतील, तर त्यांच्या देवांनी खाली बसून काय करायचं?" आणि ती खरंच गेली. एकेक दगड पदरात घेऊन वर आणला, नव्या भिंतीत कोनाडा ठेवायला लावला. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

मग फळी कामाला लागली. ज्या गड्यांना पकडी शिकवल्या होत्या त्यांना सोनाजी आता दगड कसा बसवायचा ते विचारू लागला, कारण त्याला स्वतःला ते येत नव्हतं. देवला पाय बरा झाल्यावर तांड्यातली चार माणसं घेऊन आला. दगडाचं काम त्यांना चांगलं जमायचं. रहाटाला चाक नव्हतं, तर सोनाजीनं आपल्या जुन्या छकड्याचं चाक काढलं आणि त्याला खोबण पाडली. पहिल्यांदा ते इतकं करकरलं की कुत्री गाव सोडून पळाली. बायांनी आठ दिवस सोनाजीच्या नावानं बोटं मोडली, कारण घागर बुडवणं वेगळं आणि पोहरा ओढणं वेगळं. पण पाऊस यायच्या आत भिंत छातीएवढी झाली, आणि पाय निववायची पायरी तिच्या आड गेली.

सोनाजी खुशीत होता. वर्षभर तो लोकांच्या दारात जाऊन पाणी गाळलं का ते बघायचा. लोकांना तो सरकारी माणसाहून नकोसा झाला.

पुढचा चैत आला आणि नारू निघाला. दरसालसारखाच. गोजरबाईची ओसरी भरली. आणि एके सकाळी चतुरा अंगणात लंगडी खेळता खेळता थांबली, खाली बसली आणि म्हणाली, "बा, माझा पाय जळून राहिला."

कंपौंडरचं बोलणं सोनाजीला पाठ होतं. हे गेल्या सालचं पाणी, भिंतीच्या आधीचं. त्याला ते कळत होतं. पण पोरगी रात्री विव्हळायची तेव्हा कळण्याचा काही उपयोग होत नव्हता. गोजरबाई रोज यायची, काडीला दोन वेढे द्यायची. सोनाजी पोरीचा पाय धरून बसायचा. पोरगी विचारायची, "बा, काहून निघाला? तू तर भिंत बांधली." आयुष्यात पहिल्यांदा सोनाजीला त्या शब्दाचा राग आला.

गाव तर पेटलंच. आसरा कोपल्या, बघा, ज्यानं कोंडलं त्याच्याच लेकराला धरलं. चार-पाच जण पहार घेऊन बारवेकडं निघाले. किसनराव पाटलानं त्यांना देवळाशी थांबवलं आणि सोनाजीला बोलावलं.

"सोनाजी, तू म्हनतोस हा गेल्या सालचा हाये."

"व्हय, पाटील."

"मंग पुढल्या चैतात काय?"

"पुढल्या चैतात न्हाई निघनार."

"निघाला तर?"

सोनाजीनं एकवार घराकडं पाहिलं. "गावात एक जरी नारू निघाला तरी माझ्या हातानं भिंत पाडीन. अन पुन्यांदा मैदानात पाय ठेवनार न्हाई."

मैदान हे त्याचं सर्वस्व होतं, हे गावाला ठाऊक होतं. पहारी परत गेल्या. चतुराचा किडा न तुटता निघाला, पावसाळ्यात पोरगी पुन्हा पळू लागली. पण सोनाजी त्या वर्षात नीट झोपला नाही.

तिसरा चैत लागला. पाडवा झाला. सोनाजी रोज सकाळी देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायचा. टाच टेकते का? टेकते. कोणी काटा मोडून लंगडला तरी त्याचा जीव जायचा, तो काटा स्वतः काढून बघायचा. गोजरबाईच्या ओसरीवर कोणी नव्हतं. ती दारात रिकामी बसलेली, आणि रिकामं कसं बसायचं हेच तिला उमजत नव्हतं.

पुनव दोन दिवसांवर आली आणि पहाटे सोनाजीला जाग आली ती आगीनं. त्यानं चाचपून पाहिलं. आपल्याच घोट्यावर फोड.

त्यानं मंजुळाबाईला उठवलं. ती दिवा घेऊन आली, तिनं फोड निरखून बघितला. मग तिचं डोकं चालू लागलं. "गेल्या वैशाखात," ती म्हणाली, "माझ्या भावाच्या लग्नाला. तिथल्या बारवेत उतरून ओंजळीनं पेलात. मी म्हनलं गाळून देते, तर म्हनलात, तहान लागलीय, गाळन कुठं शोधतीस. साऱ्या गावाला शिकवलं, अन सासरवाडीला तेवढी सुट्टी घेतली."

खरं होतं. सोनाजीला आपलंच हसू आलं आणि लगेच रडूही. पायाला धोतर गुंडाळलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मंजुळाबाई तेच म्हणाली. "गप ऱ्हावा. गोजरबाई रातच्याला येऊन जाईल. कोनाला सांगू नगा."

सोनाजीनं धोतराचा सोगा पायावरून बाजूला केला. मग म्हणाला, "दोन वर्सं मी लोकायला म्हनून राहिलो, पाय लपवू नगा, दाखवा. आता माझाच लपवू?"

तो टाच उचलून पाटलाच्या वाड्यावर गेला आणि त्यानं पाय पुढं केला. सासरवाडीचं पाणीही सांगितलं. पाटलानं ऐकून घेतलं. "म्या तुझ्यावर इस्वास ठेवीन बी," तो म्हणाला, "पन बोल गावासमोर झाला. गावात एक जरी, असं तूच म्हनलास. जत्रा होऊ दे. सामना झाला की पहार घेऊन ये."

पुनवेला मैदान भरलं. सोनाजी कडेला परातीत पाय घालून बसला. परातीतलं पाणी चतुरा दूर उकिरड्यावर नेऊन ओतायची आणि दुसरं आणायची. शेजारी पहार पडली होती. बातमी साऱ्या गावात झाली होती, त्यामुळं जत्रेला रंग नव्हता.

फळी उतरली. सोनाजीनं पाय पाहिले. एकूण एक टाच जमिनीवर. इतकी वर्षं त्यानं ही फळी चैतात कधी पुरती पाहिलीच नव्हती. गडी पळाले, वळले, झेपावले, माती उडाली. लोक हळूहळू ओरडायला लागले. सामना असा रंगला की पाटील ताठ पाय विसरून दोनदा उठायला गेला.

आणि कवडदरी हरली.

मग देवला नारळ काखेत मारून, धापा टाकत सोनाजीपाशी आला. "आता कोनाचं नाव घेशील?" तो म्हणाला. "इतकी सालं नारूवर ढकलत आलास. आता तर धडधाकट हरवलं."

सोनाजी हसायला लागला. त्याला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यानं पहार उचलली, परातीतून पाय काढला आणि तो टाच उचलून बारवेकडं निघाला. मागोमाग पाटील, त्याच्या मागं सगळं गाव.

पण फळी आधीच तिथं पोचली होती. खेळ संपला की पाय बारवेकडं वळायचे, ती सवय अजून गेली नव्हती. गडी भिंतीपाशी आले, खाली पाणी दिसत होतं, पायरीची वाट मात्र बंद होती. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग एकेक जण भिंतीवर चढला आणि आतल्या बाजूला पाय सोडून बसला. पाय पाण्यापासून चांगले उंच, वाऱ्यावर लोंबकळत होते. देवला आणि तांड्याचे गडीही सरकून बसले. रांगेत भिंतीला बोटभर जागा उरली नाही.

सोनाजी पहार घेऊन उभा राहिला. "उठा रे," तो म्हणाला. "बोल दिलाय म्या."

कोणी उठलं नाही. कोणी मागंही पाहिलं नाही. एक जण पाण्याकडं बघतच म्हणाला, "पाय निवू दे की. आत्ताच तर बसलो."

सोनाजीनं पाटलाकडं पाहिलं. पाटील त्या लोंबकळणाऱ्या पायांकडं बघत होता. सगळेच्या सगळे गुडघे वाकलेले. त्यानं आपल्या ताठ पायावरून हात फिरवला, सोनाजीच्या हातातली पहार काढून घेतली आणि ती काठीसारखी टेकत भिंतीपाशी गेला.

"सरका थोडं," पाटील म्हणाला. "मला बी बसू द्या."